उद्दिष्ट सर्वांचे, झळ काहींना: मूलभूत हक्क आणि राज्याचे धोरण यांचा तोल

खाडीकाठचा_वाचक (धागालेखक)

समूह विकास योजनेत (अनेक जुन्या इमारतींच्या एकत्रित पुनर्विकासात) आपली इमारत येणार का, जमीन गेलेल्यांना द्यायच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचा निकाल कधी लागणार आणि ठाणे स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्याला उठवावे की नाही, हे तीन प्रश्न आपल्याकडे तीन वेगवेगळ्या टेबलांवरचे मानले जातात. पहिल्यावर सोसायटीच्या सभेत बोलले जाते, दुसऱ्यावर गावकीच्या बैठकीत, आणि तिसऱ्यावर संध्याकाळच्या गर्दीत, पाय ठेवायला जागा नसताना. राज्यघटनेच्या दृष्टीने मात्र तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न उभा असतो. शासनाने ठरवलेले उद्दिष्ट सर्वांच्या भल्याचे असेल, तर त्यासाठी एका माणसाच्या किंवा एका समूहाच्या हक्काला किती आणि कोणत्या रीतीने हात लावता येतो? या धाग्यात त्यावर सविस्तर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

घटनेच्या तिसऱ्या भागात मूलभूत हक्क आहेत आणि चौथ्या भागात राज्य धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे. उपजीविकेची साधने, साधनसंपत्तीचे न्याय्य वाटप, शिक्षण, आरोग्य, पर्यावरण ही सारी उद्दिष्टे चौथ्या भागात येतात. अनुच्छेद ३७ सांगतो की ही तत्त्वे न्यायालयामार्फत अमलात आणून घेता येणार नाहीत, पण देशाच्या कारभारात ती मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. एकाच अनुच्छेदात ही दोन्ही विधाने असल्यामुळे, हक्क आणि तत्त्व समोरासमोर आले तर काय, हा वाद घटना लागू झाली तेव्हापासूनच सुरू झाला.

त्याचा इतिहास बहुतेकांना ठाऊक असल्यामुळे थोडक्यात सांगतो. १९५१ मध्ये चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वांना मूलभूत हक्कांच्या खालचे स्थान दिले. १९७१ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३१ग आणून अनुच्छेद ३९ मधील साधनसंपत्तीविषयक दोन तत्त्वांसाठी केलेल्या कायद्यांना काही मूलभूत हक्कांच्या कसोटीतून मुक्त केले. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा मतांनी मूलभूत चौकटीचा (घटनेचा गाभा संसदेलाही मोडता येत नाही, असा) सिद्धांत मांडला, आणि त्याच निकालात ही मुक्तता बहुतांशी टिकली. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने हेच संरक्षण चौथ्या भागातील सगळ्या तत्त्वांपर्यंत वाढवले, तेव्हा १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात न्यायालयाने ते रद्द केले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या निकालाचा गाभा असा होता की दोन्ही भागांमधील समतोल हीच घटनेची मूलभूत चौकट आहे, आणि चौथ्या भागातील साध्य गाठताना तिसऱ्या भागातील साधने मोडून टाकता येणार नाहीत.

आपल्याकडे चर्चा बहुधा इथेच संपते आणि ‘श्रेष्ठ कोण’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे समजले जाते. मला हे पटत नाही. प्रत्यक्ष खटल्यांचा निकाल श्रेष्ठत्वावर क्वचितच लागलेला आहे. ज्या १९५१ सालात चंपकम निकाल आला, त्याच साली मुंबई राज्याच्या दारूबंदी कायद्याविरुद्धचा बलसारा खटलाही निकाली निघाला. अनुच्छेद ४७ मधील दारूबंदीचे तत्त्व ध्यानात घेऊन न्यायालयाने बंदी मान्य केली, पण मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने यांवरील निर्बंध मात्र रद्द केले, कारण उद्दिष्टासाठी ते निर्बंध गरजेचे नव्हते. ही पद्धत मला चंपकमपेक्षा कितीतरी अधिक शिकवणारी वाटते, कारण तिथे धोरण संपूर्ण उचलले किंवा संपूर्ण फेकले गेले नाही, तर त्याचा प्रत्येक भाग वेगळा तपासला गेला.

ओल्गा टेलिस निकालाचेही तसेच आहे. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईतील पदपथांवर राहणाऱ्यांना हटवण्याच्या निर्णयाविरुद्ध हे प्रकरण उभे राहिले आणि जुलै १९८५ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. त्यासाठी आधार घेतला तो अनुच्छेद ३९(क) आणि ४१ या मार्गदर्शक तत्त्वांचा, म्हणजे चौथ्या भागाने तिसऱ्या भागाला अर्थ दिला. एवढे सर्वांच्या लक्षात राहते. पण निकालाचा उरलेला भागही वाचायला हवा. पदपथ मोकळा करण्याचा महापालिकेचा अधिकार न्यायालयाने वैध ठरवला. नोटीस न देता अतिक्रमण हटवता येईल अशी तरतूद मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३१४ मध्ये होती. तिचा अर्थ न्यायालयाने असा लावला की म्हणणे ऐकून घेणे हा नियम असून नोटीस टाळणे हा अपवाद आहे. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, कोणालाही हटवू नये असा आदेश दिला. १९७६ च्या गणनेची ओळखपत्रे असलेल्यांना पर्यायी जागा देण्यास सांगितले, परंतु ती हटवण्यापूर्वीची अट केली नाही. हक्क मान्य झाला आणि माणसे तरीही उठली, हे दुःखद आहेच. तरीही त्या दिवसापासून महापालिकेला ‘का’ आणि ‘कसे’ या दोन्ही प्रश्नांना उत्तर देणे भाग पडले.

अलीकडे याच तपासणीला प्रमाणबद्धतेची कसोटी म्हटले जाते. उद्दिष्ट वैध आहे का, निवडलेल्या उपायाने ते खरोखर साधते का, त्याहून कमी जाचक पण तितकाच परिणामकारक उपाय उपलब्ध होता का, आणि शेवटी लाभाच्या मानाने हक्काची हानी अवाजवी तर नाही ना? खासगीपणाचा हक्क मान्य करणाऱ्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानंतर २०१८ मध्ये आधारची तपासणी याच मार्गाने झाली. शासकीय अनुदान आणि लाभांसाठी आधारची सक्ती चार विरुद्ध एक मताने टिकली, तर बँक खाते आणि मोबाइल जोडणीसाठीची सक्ती रद्द झाली.

माझे म्हणणे असे आहे की हक्काला हात लावण्यापूर्वी आपण निवडलेला मार्ग आवश्यक असल्याचे दाखवण्याची जबाबदारी शासनावर असली पाहिजे, आणि ती न्यायालयात नव्हे, तर महापालिकेच्या व सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या शासकीय महामंडळाच्या) कार्यालयात, निर्णयाच्या वेळीच पार पडली पाहिजे. ठाणे आणि नवी मुंबईत तसे घडते का, यावर सदस्यांनी लिहावे.

टेंभीनाका_वकील

धाग्याची मांडणी आवडली. परंतु मालमत्तेच्या प्रकरणांत प्रमाणबद्धतेची कसोटी इतक्या सहजपणे हाती येत नाही, हे स्पष्ट करणे आवश्यक वाटते.

१९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला आणि अनुच्छेद ३००क मध्ये ठेवला. आता कायद्याच्या प्राधिकाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येत नाही, एवढेच त्याचे शब्द आहेत. अनुच्छेद ३१ग आजही जिवंत आहे. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ही गोष्ट एकमताने सांगितली. त्यामुळे एखादा कायदा अनुच्छेद ३९(ख) च्या उद्दिष्टासाठी केलेला असेल, तर त्याला अनुच्छेद १४ (समानता) किंवा १९ (स्वातंत्र्ये) खाली आव्हान देण्याचा मार्ग बंद होतो. अनुच्छेद २१ चा मार्ग मात्र बंद होत नाही, आणि राहत्या घराच्या प्रकरणांत तोच महत्त्वाचा ठरू शकतो.

त्या खटल्याचा आपल्याशी असलेला संबंध नीट समजून घेऊ. मुंबई बेटावरील जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींसाठी १९८६ मध्ये म्हाडा (राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण) कायद्यात आठ-अ हे प्रकरण घातले गेले. सत्तर टक्के रहिवाशांच्या सहकारी संस्थेने मागणी केल्यास इमारत संपादित करावी आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम द्यावी, अशी ती योजना होती. जुन्या पागडीच्या भाड्याच्या शंभर पट म्हणजे दक्षिण मुंबईतील जमिनीच्या मानाने किती, याचा अंदाज प्रत्येकाला करता येईल. दुसऱ्या बाजूला, मालक दुरुस्ती करत नाही आणि छत डोक्यावर कोसळते, हीदेखील त्याच इमारतींमधील वस्तुस्थिती होती. २०२४ च्या बहुमताने सांगितले की खासगी मालकीची प्रत्येक वस्तू ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही, पण काही खासगी मालमत्ता ठरू शकते. त्या साधनाचे स्वरूप, समाजाच्या हितावर होणारा परिणाम, त्याची दुर्मीळता आणि ते मोजक्या हातांत एकवटल्याचे परिणाम पाहून ते ठरवायचे. प्रकरण आठ-अ वैध आहे की नाही, याचे उत्तर त्या निकालात नाही, हे पुष्कळ बातम्यांत आले नव्हते.

ठाण्यातील समूह विकास योजनेला हे प्रकरण थेट लागू नाही. तिथे विकास नियंत्रण नियमावली आणि संमतीची प्रक्रिया वेगळी आहे. पण ३००क चा आशय मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या एका खटल्यात बराच विस्तारला आहे, आणि तो सर्वत्र लागू होतो. पूर्वसूचना, आक्षेप ऐकणे, कारणांसह निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, वाजवी भरपाई, कार्यक्षम प्रक्रिया आणि प्रक्रियेचा योग्य शेवट, असे सात घटक न्यायालयाने त्यात वाचले. धागालेखकांना अभिप्रेत असलेली जबाबदारी तिथे जवळजवळ शब्दशः सापडेल.

उलवे_भूमिपुत्र

वरील दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत. आमच्याकडून पाहिले तर हा इतिहास वेगळा दिसतो, म्हणून लिहितो.

सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांमधील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. मुंबईवरचा भार कमी करणे हे उद्दिष्ट होते आणि ते चुकीचे होते असे आमच्या गावात कोणीही म्हणत नाही. प्रश्न भरपाईचा आणि मोबदल्याचा होता. त्या काळात मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कच होता, हे कृपया लक्षात घ्यावे. पण १९७१ च्या पंचविसाव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३१ मधील ‘भरपाई’ हा शब्द जाऊन तिथे ‘रक्कम’ आली, आणि ती रक्कम पुरेशी नाही या कारणावरून न्यायालयात जाण्याची वाट अडवली गेली. जमीनदारी मोडण्यासाठी आणि मोठ्या मालकांसाठी केलेल्या त्या वादाची झळ भातशेती आणि मिठागरांवर जगणाऱ्या आगरी-कोळी कुटुंबांना बसेल, याचा विचार झाला होता, असे मला कुठे आढळले नाही.

जे मिळाले ते लढून मिळाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. जासईला आजही त्यांना अभिवादन होते. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण आले. विमानतळाच्या वेळी साडेबावीस टक्क्यांची योजना आली, तिच्यामागेही हीच परंपरा आहे. म्हणजे उद्दिष्ट आणि हक्क यांचा जो काही तोल इथे साधला गेला, तो घटनापीठाने नव्हे, तर रस्त्यावर उतरलेल्या माणसांनी साधला.

दुसरा मुद्दा अधिक खोल आहे. भरपाई सातबाऱ्यावरील नावाला मिळते. खाडीत मासे, खेकडे, कालवे काढणाऱ्या कोळी स्त्रीचे नाव कुठल्याही उताऱ्यावर नसते. तिचे काय घेतले गेले, हे मोजण्याची पद्धतच नव्हती. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाने उरणमधील बंदर विस्ताराच्या प्रकरणात १६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये देण्याचा आदेश दिला, तेव्हा उपजीविकेची हानी प्रथमच आकड्यांत मांडली गेली. तो आदेश पुढे अपिलात गेला, पण मालकी नसलेल्यांचेही काही हिरावले जाते, हे त्यात नोंदवले गेले, याला माझ्या दृष्टीने मोठे मोल आहे.

गावठाणांतील गरजेपोटी बांधलेली घरे हाही याच इतिहासाचा भाग आहे. गावठाणाचा विस्तार वेळेवर मोजून दिला गेला नाही, कुटुंबे वाढली आणि लोकांनी आपल्याच जुन्या जमिनीवर घरे बांधली. कागदावर ती अनधिकृत आहेत. या घरांना आणि विकासकाने विक्रीसाठी उभारलेल्या बेकायदा इमारतीला एकाच नोटिशीच्या नमुन्यात बसवणे हा अन्याय आहे.

नगररचना_घणसोली

उलवे_भूमिपुत्र, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी पूर्ण सहमत आहे. नियोजनाच्या कामाचा अनुभव असल्यामुळे मला दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने मांडावीशी वाटते.

४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधील इमारत कोसळली आणि ७४ माणसे मृत्युमुखी पडली. बांधकाम चालू असतानाच तिथे कुटुंबे राहत होती. प्रत्येक टप्प्यावर नोटीस, सुनावणी, स्थगिती आणि पुन्हा सुनावणी असा क्रम लागला, तर धोका थांबत नाही. पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक, म्हणजे सी-१ वर्गातील, इमारतींच्या याद्या जाहीर होतात. त्या रिकाम्या करताना रहिवासी दार लावून बसतात, कारण बाहेर पडलो तर परत येऊ की नाही, याची त्यांना खात्री नसते. महापालिकेला त्या क्षणी जीव वाचवायचा असतो आणि रहिवाशाला हक्क. दोघेही बरोबर असतात.

म्हणून सुनावणी आधी की नंतर, हा प्रश्न वेळेशी जोडला पाहिजे. स्तंभ झुकला असेल तर आधी बाहेर काढा, म्हणणे नंतर ऐका. बांधकाम परवानगीचा वाद असेल तर घाईला कारण नाही. १३ नोव्हेंबर २०२४ च्या बुलडोझर कारवाईविषयीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाडकामापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस, वैयक्तिक सुनावणी आणि अन्य कोणताही मार्ग का शिल्लक नाही याची नोंद आवश्यक केली. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा अशा सार्वजनिक ठिकाणची अनधिकृत बांधकामे आणि न्यायालयाच्या आदेशाने होणारी पाडकामे त्यातून वगळली. ही विभागणी मला योग्य वाटते.

नवी मुंबईतील दिघ्याचे उदाहरण मात्र मला अजूनही अस्वस्थ करते. तिथल्या ९९ बेकायदा इमारतींवर उच्च न्यायालयाच्या आदेशाने कारवाई सुरू झाली, तेव्हा राहणाऱ्यांपैकी अनेकांनी आयुष्याची बचत देऊन सदनिका घेतल्या होत्या. जमीन सार्वजनिक, नियोजन सार्वजनिक, आणि भुर्दंड मात्र शेवटच्या खरेदीदारावर. बांधणारा आणि डोळेझाक करणारा दोघेही त्या तोलात कुठेच दिसत नाहीत. प्रमाणबद्धतेची कसोटी नागरिक आणि शासन या दोघांनाच समोर ठेवते, पण आपल्या शहरांतील बहुतेक प्रकरणांत विकासक नावाचा तिसरा पक्ष असतो. त्याची जबाबदारी प्रथम निश्चित केल्याशिवाय उरलेल्या दोघांमधील तोल न्याय्य होऊच शकत नाही.

ऐरोलीची_शिक्षिका

आतापर्यंतची चर्चा जमीन आणि घर यांभोवती आहे. शिक्षणाच्या क्षेत्रात याच्या उलट दिशेने काय घडले, ते पाहावे.

चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत शिक्षण हे मूळ घटनेत अनुच्छेद ४५ मधील मार्गदर्शक तत्त्व होते आणि त्यासाठी दहा वर्षांची मुदत होती. ती मुदत केव्हाच उलटून गेली. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने त्याला हक्काचे रूप दिले, २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने अनुच्छेद २१क आला आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. खासगी विनाअनुदानित शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी ठेवण्याची अट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली. तिथे शाळाचालकांचा व्यवसायस्वातंत्र्याचा हक्क होता आणि समोर मुलांचा हक्क. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा त्यातून वगळल्या गेल्या.

यापुढची गोष्ट महाराष्ट्राची आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलून, शासकीय किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर जवळच्या खासगी शाळेला या अटीतून सूट दिली. ठाणे, ऐरोली, वाशीसारख्या दाट वस्तीत एक किलोमीटरच्या आत अशी शाळा नसणे दुर्मीळच, म्हणजे प्रत्यक्षात ही योजना बहुतेक ठिकाणी संपणार होती. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल मूळ कायद्याशी आणि अनुच्छेद २१क शी विसंगत ठरवून रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

या प्रकरणात हक्काच्या बाजूने मूल होते आणि खर्च वाचवणे हे ‘धोरण’ होते. घरकाम करणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या पालकांची मुले मी वर्गात पाहते, आणि त्यांना प्रवेश मिळतो तो कोणाच्या कृपेने नव्हे, ही जाणीव त्यांना व्हावी यासाठी मी आग्रही असते. तरीही शाळांना या मुलांच्या शुल्काच्या प्रतिपूर्तीची रक्कम वेळेवर मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. शासन स्वतःचा वाटा थकवते आणि मग पालक व शाळा एकमेकांविरुद्ध उभे राहतात, हे थांबले पाहिजे.

मतपेटी_कळवा

मला मूलभूत स्वरूपाचा आक्षेप नोंदवायचा आहे. ‘कमी जाचक उपाय होता का’ हे न्यायाधीशांनी ठरवायचे, असे म्हटले की धोरण ठरवण्याचे काम निवडून न आलेल्या व्यक्तींकडे जाते. समूह विकासाऐवजी सुट्या इमारतींचा पुनर्विकास बरा की नाही, हे तीन न्यायमूर्तींना कसे कळावे? डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना सांगितले होते की, सत्तेवर येणाऱ्याला ही तत्त्वे दुर्लक्षिता येणार नाहीत. त्यांच्या भंगाबद्दल न्यायालयात जाब द्यावा लागला नाही, तरी निवडणुकीच्या वेळी मतदारांसमोर तो निश्चितच द्यावा लागेल. उद्दिष्टांचा हिशेब मतदाराने घ्यावा, अशी ती रचना आहे आणि तिच्यावर विश्वास ठेवला पाहिजे.

टेंभीनाका_वकील

मतपेटी_कळवा, तुमच्या आक्षेपात तथ्य आहे, आणि नेमके त्याच कारणासाठी पुढील वस्तुस्थिती समोर ठेवावीशी वाटते. नवी मुंबई महापालिकेची मुदत २०२० मध्ये आणि ठाणे महापालिकेची २०२२ मध्ये संपली. पाच वर्षांपेक्षा अधिक काळ महापालिका चालू राहू शकत नाही आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असे अनुच्छेद २४३यू सांगतो. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे दोन्ही शहरांचा कारभार प्रशासकांनी पाहिला. त्या काळात विकास आराखडे, पुनर्विकास, फेरीवाला क्षेत्रे यांविषयीचे निर्णय झाले, आणि त्यांचा जाब विचारायला सभागृहात नगरसेवक नव्हता. डॉ. आंबेडकरांना अभिप्रेत असलेला मतदारच जिथे अनुपस्थित ठेवला जातो, तिथे माणूस उच्च न्यायालयात जाणार नाही तर कुठे जाणार?

खारफुटी_मित्र

थोडक्यात एक भर घालतो. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीचा नाश हा अनुच्छेद २१ चा भंग असल्याचे सांगितले आणि तिच्याभोवती पन्नास मीटरचा संरक्षक पट्टा बंधनकारक केला. सार्वजनिक प्रकल्पासाठी खारफुटी तोडायची असेल तर न्यायालयाकडे येऊन सार्वजनिक हित सिद्ध करावे लागते. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला. इथे पर्यावरणरक्षण हे अनुच्छेद ४८क मधील धोरण आहे आणि नागरिकाचा हक्कही आहे. रस्ता, पूल, भुयारी मार्ग हेही सार्वजनिक उद्दिष्टच. म्हणजे दोन सार्वजनिक उद्दिष्टे एकमेकांसमोर उभी आहेत, आणि मार्ग आवश्यक असल्याचे आधी दाखवण्याची अट तिथे प्रत्यक्ष राबवली जात आहे. झाडासाठी हे शक्य असेल, तर घरासाठी का असू नये?

खाडीकाठचा_वाचक (धागालेखक)

सर्वांचे आभार. मतपेटी_कळवा यांच्या आक्षेपाला माझे उत्तर असे की, तोल साधण्याची सर्वोत्तम जागा विधिमंडळच आहे, आणि तसे एक चांगले उदाहरण आपल्याकडे आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत फेरीवाल्यांना उठवण्यास मनाई केली, नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य फेरीवाल्यांमधून निवडून यावेत आणि त्यांपैकी एक तृतीयांश महिला असाव्यात असे सांगितले, हलवण्यापूर्वी तीस दिवसांची नोटीस आवश्यक केली. त्याच वेळी ‘ना-फेरीवाला क्षेत्र’ ठरवण्याचा अधिकारही दिला. २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकावरील चेंगराचेंगरीनंतर उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई असल्याचे स्पष्ट केले, ते चालणाऱ्यांच्या जिवासाठी. ठाणे स्टेशनच्या सॅटिस पुलाखालून रोज जाणाऱ्या कोणालाही त्याची गरज समजावून सांगावी लागणार नाही.

कायदा उत्तम आहे. पण सर्वेक्षण आणि समिती रखडली की फेरीवाल्याला प्रमाणपत्र मिळत नाही, पादचाऱ्याला पदपथ मिळत नाही, आणि दोघांमध्ये उरते ती सकाळी उठवणारी व संध्याकाळी परतू देणारी गाडी. या अवस्थेत कोणाच्याही हक्काचे रक्षण होत नाही आणि कोणतेही धोरण राबवले जात नाही. न्यायालयाने धोरण ठरवू नये, हे मान्य. पण कायद्यानेच सांगितलेली पायरी शासनाने गाळली, तर तिथे थांबवणे हे न्यायालयाचे कामच आहे, त्याला धोरणात ढवळाढवळ म्हणता येणार नाही.

किसननगर_रहिवासी

सर्व वाचले. आमची इमारत धोकादायक यादीत आहे आणि आम्ही भाडेकरू आहोत. महापालिकेने पाडली तर आमचा हक्क संपतो का, एवढे कोणी सांगेल का?

टेंभीनाका_वकील

संपत नाही. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पाडलेल्या एका इमारतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१४ मध्ये स्पष्ट केले की, महापालिकेने बांधकाम पाडले तरी जमिनीवरील भाडेकरूचा हक्क टिकतो, कारण भाडेपट्टा केवळ भिंतींचा नसतो.

पण हक्क टिकला तरी आपल्या ताब्यात नेमके किती क्षेत्र होते, हे दाखवण्याचे ओझे पुढे आपल्यावरच येते. म्हणून घर रिकामे करण्यापूर्वी महापालिकेकडे लेखी अर्ज करून प्रत्येक खोलीचे मोजमाप आणि रहिवाशांची यादी तयार करून घ्यावी, आणि तिची सही-शिक्क्याची प्रत आपल्याकडे ठेवावी. भाडेपावत्या, वीजबिले, मालमत्ता कराच्या नोंदी आणि मतदार यादीतील पत्ता यांच्या प्रती एकत्र कराव्यात. संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागून घ्यावा, आणि दुरुस्ती शक्य आहे असे दुसऱ्या अभियंत्याचे मत असेल तर तो अहवालही वेळेत दाखल करावा. नोटीस हातात आली असेल तर तिच्यावरील कलम आणि मुदत इथे कळवा, म्हणजे पुढचे नेमके सांगता येईल. इमारत खरोखर सी-१ वर्गात असेल तर मात्र कागदांसाठी पावसाळ्यात आत थांबू नका.